व्हास्कोच्या हातचं इंजिन

"पेटी इथून हलणार नाही," एर्मेस मालागोली म्हणाला. "आधी उघड. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत."

"डोळ्यांदेखत नाही." व्हास्कोने टोपी काढून हातात धरली. "नियम तुला माहीत आहे."

नियम एर्मेसला पाठ होता. कारखाना उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी छोट्या टीमना इंजिनं द्यायचा, पण शिशाची सीलं ठोकून. सीलाच्या आतलं सगळं कारखान्याचं, बाहेरचं सगळं टीमचं. आणि इंजिन उघडायची वेळ आलीच तर टीमच्या माणसांनी बाहेर जायचं. कारखान्याची गुपितं गिऱ्हाइकाने बघायची नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी शर्यतीच्या बाराव्या फेरीत एर्मेसच्या मुलाची, नेव्हिओची गाडी वळणावर घसरली आणि पेटली. मागच्या चाकावर ऑइल आलं होतं, हे बघणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. तरी कारखान्याने पत्रक काढलं की पोराने वळण चुकीचं घेतलं. चोवीस वर्षांचा मुलगा गेला, आणि वर खापरही त्याच्याच माथी फुटलं. शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी इंजिन तिथल्या तिथे पेटीत बंद करून एर्मेसच्या गॅरेजवर पोचवलं होतं. कारखान्याचा ट्रक ती पेटी न्यायला मोदेनाहून आला, तेव्हा एर्मेसने गॅरेजच्या दारात आपली व्हॅन आडवी घातली आणि निरोप धाडला, हे इंजिन ज्याने बांधलं त्यालाच पाठवा.

कारखान्यात एक इंजिन एकच माणूस बांधायचा आणि त्याचं नाव इंजिनावरच्या पट्टीवर कोरलं जायचं. या इंजिनावर नाव होतं व्हास्को गुआल्दीचं. सोळाव्या वर्षी दोघं त्याच कारखान्यात एका बाकावर उमेदवारीला लागले होते. नेव्हिओच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन उभा राहिला तोही व्हास्कोच.

"पत्रक वाचलंस?" एर्मेसने विचारलं.

"वाचलं."

"आणि मूग गिळून बसलास."

"मला कोण विचारतं? मी पान्हे फिरवणारा माणूस."

"आज मी विचारतोय. आतून काही बिघडल्याशिवाय ऑइल बाहेर येतं? बाहेरचा एकेक नट मी स्वतः आवळलाय. नट आवळला की त्यावर पिवळ्या पेंटची रेघ, आवळल्याशिवाय रेघ नाही. पस्तीस वर्षं हेच करतोय, तुझ्याच बाकावर शिकलो. जा, मोज जाऊन. एक रेघ कमी निघाली तर माझं नाव बदल."

व्हास्कोने पिशवी खांद्याला लावली. "त्या दिवशी सकाळी तू एकटाच होतास गाडीवर?"

"एकटाच. मध्ये नेव्हिओने फोटोसाठी हाक मारली, तेवढाच गेलो. का? आता मला अडकवतोस?"

"नाही रे. सहज विचारलं."

दार बंद झालं. एर्मेस बाहेर जुन्या टायरवर बसून राहिला. अंगणात धुकं उतरायला लागलं होतं. त्याची बायको दिर्चे शाल घेऊन आली.

"जेवायला थांबव त्याला. तोर्तेल्लिनी केलेत."

"त्याला? पाणीसुद्धा विचारायचं नाही."

"एर्मेस, कारखान्याने चूक कबूल केली म्हणून पोरगा परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण त्याच्या नावाला लागलेला डाग जाईल. बार्बरपासून पाद्रीपर्यंत सगळे कुजबुजतात, पोरगं कच्चं होतं म्हणून. ते थांबलं की मी झोपेन."

दिर्चेने शाल त्याच्या खांद्यांवर घातली. तीसुद्धा तीन आठवडे झोपली नव्हती.

पाऊण तासाने व्हास्को बाहेर आला. चिंधीने अंगठा पुसत होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

"चूक आमची आहे."

"आमची म्हणजे कुणाची?"

"माझी. आतली एक चकती मी उलटी बसवली. दाब वाढला आणि ऑइल बाहेर फेकलं गेलं. नेव्हिओच्या हातात काहीच नव्हतं. त्या वळणावर कुणीही घसरला असता."

तीन आठवडे एर्मेस भांडणाची तयारी करत होता. किती शिव्या घोकून ठेवल्या होत्या. त्यातली एकही तोंडातून निघेना. हात मात्र आपोआप उठला. व्हास्कोच्या हातातली टोपी चिखलात पडली. त्याने गालाला हात लावला नाही की टोपी उचलली नाही.

"लिहून दे."

व्हास्कोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहून दिलं. एकदाही खाडाखोड केली नाही. खाली सही केली, तारीख घातली.

"उद्या हे वर्तमानपत्रात जाईल," एर्मेस म्हणाला. "कारखान्यात तुला कुणी दारात उभं करणार नाही."

"माहीत आहे."

"आणि त्याच्या कबरीवर पाऊल टाकायचं नाहीस. कधीच."

व्हास्कोचे ओठ हलले. मग त्याने मान डोलावली.

"सकाळी ट्रक येईल," दाराशी जाऊन तो म्हणाला. "पेटीला हात लावू नकोस, एर्मेस. माल कारखान्याचा आहे."

"नियम मला शिकवू नकोस."

व्हास्कोची गाडी फाटकाबाहेर पडली. दिर्चे कागद छातीशी धरून रडायला लागली, आणि एर्मेसला वाटलं, आता आपल्यालाही रडता येईल. त्याआधी एकदा, ज्याने पोराला खाल्लं ते इंजिन बघायचं होतं. तो गॅरेजमध्ये गेला, दिवा लावला आणि पेटीचं झाकण सरकवलं.

सीलं तोडून एका बाजूला रचून ठेवली होती. इंजिनावर काजळी चढली होती. एर्मेसने वाकून आपल्या रेघा मोजायला घेतल्या, उद्या कुणी तोंड उघडायला नको म्हणून. काजळीवरून अंगठा फिरवला की खालची पिवळी रेघ दिसायची, टणक वाळलेली. पहिली, दुसरी, पाचवी, नववी. एकही कमी नव्हती. शेवटची ऑइलच्या नळीच्या नटावर होती. त्याने सवयीने तिच्यावरूनही अंगठा फिरवला.

अंगठा पिवळा झाला.