हिरवं पाकीट

"सहा महिन्यांत एकही खुर्ची दोघांना विकली गेली नाही!" यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून सर्व्हरवर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पाकिटाला कुओसाहेबांनी हात जोडले. "सगळी याची कृपा. उद्या मोठ्या कार्यक्रमाची चाळीस हजार तिकिटं विक्रीला सुटणार आहेत. खबरदार कुणी हात लावाल तर!"

तिकीटविक्रीचा प्रोग्राम लिहिणारी यी-चुन गालातल्या गालात हसली. एक खुर्ची एका वेळी एकाच ग्राहकाला धरून ठेवता येईल, अशी सोय केल्याशिवाय नवी संगणकभाषा तिचा प्रोग्राम चालूच देत नव्हती. तेव्हा तिच्या चाळिसाव्या नकाराला वैतागून यी-चुननं तेच पाकीट फोडून फस्त केलं होतं, आणि आत कापूस कोंबून परत चिकटवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती धावत जाऊन नवं पाकीट घेऊन आली. हिरवंच. चाळीस हजार तिकिटं कापसाच्या भरवशावर कशी सोडायची?