बशीर पेंटरची ट्रंक

सकाळच्या पॅसेंजरचं इंजिन जुन्या रेल्वे कंपनीच्या रंगात रंगवून निघालं, की अजिनाथ गर्जेला पुण्याची बदली मिळणार होती. शिवाय मोठ्या साहेबांशेजारी फोटो. शिवाय 'जावई रेल्वेत झेंडे दाखवतो' म्हणणाऱ्या सासऱ्याचं तोंड बंद. या सगळ्यात आपलं काय जाईल, याचा हिशोब त्याने मांडलाच नव्हता.

अडचण एकच. कंपनी जाऊन पाऊणशे वर्षं झालेली आणि फोटो सगळे काळेपांढरे. रंग कोणता होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या निकिताने पत्ता काढला: नगरच्या यार्डामागे राहणारे बाबाजान, रिटायर पेंटर. त्यांचे वडील बशीर कंपनीत रंगारी होते.

अजिनाथ चपला न काढताच घरात शिरला. कोपऱ्यात लोखंडी ट्रंक होती. मोहरीसारखी पिवळी, अजून तुकतुकीत.

"हा कंपनीचा रंग?"

"कंपनीचाच, साहेब. वालिदांनी सोताच्या हातानं मारल्याला. पन इंजिनाच्या रंगाचं म्हनाल, तर ते डबे कुलपात असायचे. एक थेंब—"

"म्हणून चोरावा लागला!" अजिनाथ हसला. "अहो म्हातारबा, घाबरता काय? आता कोण पकडतंय?"

बाबाजानांनी हातातली तसबीहची माळ खिशात ठेवली.

"आम्मी या ट्रंकेत कधी दाना न्हाई ठेवला," ते म्हणाले. "कपडेच."

"हरामाचं म्हणून?"

बाबाजान काही बोलले नाहीत. अजिनाथने ते होकारात धरलं. गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो, एवढी अक्कल त्याने नोकरीत कमावली होती.

ट्रंक इंजिनच्या शेडमध्ये आली. बाबाजानांनी नुसत्या नजरेने रंग जुळवला. चार दिवस उभे राहून पेंटरांकडून हात मारून घेतले. इंजिन पिवळंधमक झालं. "शाही!" असं अजिनाथ दिवसातून तीनदा म्हणे.

समारंभाच्या आदल्या दिवशी ट्रंकेशेजारी पाटी लागली: 'चोरीच्या रंगाने जपलेला वारसा'.

बाबाजानांनी 'चोरीच्या' या शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, येवढा एक शब्द काढा. वालिदांचं नाव हाय खाली. ह्याच यार्डात तीस वर्षं राबले."

"लोकांना गंमत लागते, चाचा."

"माझी नातवंडं येनार हायेत उद्या."

"मग त्यांना सांगा, आजा हुशार होता!"

दोघे-तिघे हसले. निकिता हसली नाही.

"बरं," बाबाजान म्हणाले. "मंग ट्रंक रंगवली त्या सालचं कंपनीचं रजिस्टर तरी शेजारी मांडा. या बाईंना स्टोअरच्या रद्दीत घावलंय. वालिदांची सही हाय त्यात."

अजिनाथने रजिस्टर उघडून पाहिलं नाही. "ठेवा. जुनं दिसतं, बरं दिसेल."

काचेखाली कोणतं पान उघडं ठेवायचं, ते बाबाजानांनी निकिताला दाखवलं. मजकूर सगळा इंग्रजीत, खाली उर्दूत एक बारीक सही.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला. इंजिनाला हार पडला. पॅसेंजरने रोज कामाला जाणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरा पहिल्या रांगेत बसवला होता. मोठे साहेब ट्रंकेपाशी आले, पाटी वाचून हसले आणि अजिनाथच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पुण्यात तुमच्यासारखी माणसं हवीत."

फोटो निघाला.

मग साहेबांची नजर रजिस्टरकडे गेली. त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा हात अजिनाथच्या खांद्यावरून उतरला.

आपलं गाव तिसगाव सोडल्यापासून अजिनाथ कधी गावच्या बोलीत बोलला नव्हता. आता त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय हाय त्यात, साहेब?"

साहेबांनी एकदा पिवळ्याधमक इंजिनाकडे पाहिलं, आणि माइकसमोरच मराठी करत वाचलं:

"इंजिनांचा गडद निळा रंग, सर्व डबे कुलपात, थेंबाची तूट नाही. शहराचा मैला वाहणाऱ्या वॅगनींचा पिवळा रंग, एक डबा उरला. तो रंगारी बशीर यास प्रामाणिकपणाबद्दल बक्षीस दिला."