वरच्या सज्जातला लायोश

घशाच्या ऑपरेशननंतर पिरोश्काचा आवाज पार घोगरा झाला. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली होती, पण गायकवृंदात जन्म घालवलेली ती बाई लाजेपोटी नुसत्या मानेनंच हो-नाही करायची. शेवटी तिचा नवरा लायोश तिला बुडापेस्टमधलं जुनं संगीतगृह बघायला घेऊन आला.

गाइड मुलीनं सगळ्यांना रंगमंचावर उभं केलं. "हे छत लाकडी आहे, आतून पोकळ. इथली कुजबुजसुद्धा अगदी वरच्या सज्जात ऐकू जाते. कोण बोलून बघतंय?"

"माझी बायको!" म्हणत लायोश जिना चढायलाही लागला. पिरोश्काचा नुसता संताप झाला. थोड्या वेळानं तो धापा टाकत वरच्या कठड्याशी उभा राहिला, तेव्हा तिला राहवेना. ती पुटपुटली, "अरे बावळटा, शर्टाची बटणं उघडी आहेत तुझी."

"काय? ऐकू नाही आलं! मोठ्यानं बोल!"

तिनं खाकरून तेच पुन्हा, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितलं.

"अजून मोठ्यानं!"

तिनं चिडून वर पाहिलं. बटणं त्यानं केव्हाच लावून टाकली होती.

पिरोश्का हसली, आणि तिसऱ्यांदा बोलली.