ओट्याची उंची

सलीम मिस्त्रीने बादलीतून फळीचा तुकडा काढून वहिनींसमोर धरला. दोन तासांत तो पावासारखा फुगला होता.

“बघा, हे स्वस्तातलं तयार किचन म्हणजे नुसता भुसा. पाच वर्षं टिकलं तरी खूप. प्लायवूडचं करून देतो, पंधरा वर्षं हलायचं नाही.”

वहिनींनी डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. केमोनंतर उभं राहणं जमत नसल्यामुळे त्या स्टुलावर बसल्या होत्या. “पण स्वस्तातल्याचे स्क्रूचे पाय फिरवून ओटा वर घेता येतो ना?”

“येतो, चार-पाच इंच. पण तुमच्या कोपराच्या मापानं एकदा ओटा बसवला, की पुन्हा कशाला हलवायचा?”

“माझं माप नका घेऊ. आमच्या ह्यांना चहासुद्धा करता येत नाही. माझ्या माघारी दर वर्षी येऊन ओटा थोडा वर घेत जा.” मग त्यांनी हाक मारली, “रेवा!”

दहा वर्षांची लेक शाळेच्या गणवेशातच धावत आली. मिस्त्रीच्या हातातली टेप बघून तिला वाटलं, आपली उंची मोजताहेत. तिने हळूच टाचा उचलल्या.

“टाचा टेकव, बाळा,” आई म्हणाली. “आत्ताचंच माप हवंय.”