सुमतीकाकूंचा अध्याय

“दिवा लावायच्या आधी रोज एक अध्याय वाचून जात जा गं. डोळे गेलेत, कान आहेत अजून,” असं सुमतीकाकू म्हणाल्या होत्या. अनुराधाने शब्द दिला, आणि तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकवली नव्हती.

आता ती कचेरीत ‘प्रगतीची खुर्ची’ म्हणत त्या खुर्चीत बसली होती आणि डोक्यावरच्या यंत्राने नेमकं तेच शोधून काढलं होतं. दर तिमाहीला मनातला एक अडथळा पुसून घ्यायचा, तरच बढती. तिच्या साहेबांनी, रणदिव्यांनी, आतापर्यंत नऊ पुसून घेतले होते. चेहरा कसा घासलेल्या ताटलीसारखा चकचकीत झाला होता, आणि तितकाच रिकामा.

“साडेपाच झाले की तुमचं लक्ष उडतं, केळुसकरबाई,” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “कोणी सुमती म्हणून आहेत. काढून टाकू. दोन मिनिटांत मोकळ्या व्हाल.”

“साहेब, त्या तुमच्या आई आहेत.”

रणदिव्यांनी स्वतःची यादी चाळली. “हो की! चौथ्या नंबरला आहेत. त्यानंतरच तर मी विभागप्रमुख झालो!”

त्या बढतीचे पेढे अनुराधानेही खाल्ले होते. चातुर्मासात ती साधं वांगं सोडायची, तरी त्याची आठवण ठेवायची. या माणसाला तर काय सोडलं तेही यादीत बघावं लागत होतं.

“उठलात तर नोकरी जाईल हं.”

“जाऊ दे,” ती हळूच म्हणाली. यंत्र काढून तिने त्यांच्या हातात ठेवलं, पिशवीतली पोथी चाचपली आणि रणदिव्यांच्याच घराची वाट धरली.