मुद्दाम नापास

"चावी, टोपी, गाय, पूल, दिवा," डॉक्टर म्हणाले. "थोड्या वेळाने विचारीन, तेव्हा हे शब्द सांगायचे."

भिंत खुर्चीत ताठ बसला होता. भिंत म्हणजे संघाचा कप्तान. गोलसमोर आलेला प्रत्येक उंच चेंडू गेली कित्येक वर्षं तो कपाळाने परतवत आला, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. स्वतःचं नाव आता फक्त त्याच्या आईच्या तोंडी उरलं होतं.

बाहेर बाकीचे खेळाडू हसत-खिदळत उभे होते. देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, पण यंदा होणार, नाही होणार करत सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. काल एकदाची तारीख लागली आणि आज एकच धांदल उडाली.

हंगामाआधी प्रत्येकाच्या डोक्याची ही परीक्षा होते. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं, की तीच परीक्षा पुन्हा घेतात आणि आजच्या मार्कांशी ताडून बघतात. मार्क घसरले, की बसा घरी. मग आमचे हे शहाणे काय करतात, तर आजच मुद्दाम चुकतात. म्हणजे पुढे डोकं फुटलं तरी घसरायला जागाच नको! ही युक्ती अर्ध्या संघाला भिंतनेच शिकवली होती.

पण आज सकाळी गाडीतून उतरताना बायकोने त्याचा हात धरून ठेवला होता. "या वेळी नाटक नाही करायचं. येईल ते खरं खरं सांगायचं. मला कळू दे एकदा काय ते." हल्ली तो गॅस तसाच चालू ठेवून बाहेर पडायचा. पोरीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचा. गाडी तर त्याच्या हातात देणं तिने केव्हाच बंद केलं होतं. त्याने तिला शब्द दिला, आणि दिलेला शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

"महिने उलटे म्हण," डॉक्टर म्हणाले.

"डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर." तो थांबला. "ऑगस्ट. जून... नाही, जुलै. जून."

डॉक्टर खाली मान घालून गालातल्या गालात हसले.

डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर त्याने टेबलाची कड धरली.

"बरं, आता मघाचे शब्द."

भिंतने डोळे घट्ट मिटले. कपाळावर घाम आला. इतका जोर त्याने कधी अंतिम सामन्यात लावला नसेल.

"टोपी," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "टोपी. आणि... घोडा?"

डॉक्टरांनी पेन खाली टाकलं आणि ते पोट धरून हसायला लागले. "घोडा! अरे, गाईचा घोडा केलास? गेल्या वर्षी निदान जरा लाज राखून चुकला होतास. आणि घाम पण काढलास की रे! कुठे शिकलास हे?"

"डॉक्टर, मी नाटक नाही..."

"बस, बस. बाहेरच्या त्या कोकरांना तूच पढवून पाठवतोस, ते काय मला माहीत नाही होय? हे असले मार्क लिहिले ना, तर कोच माझंच डोकं तपासायला लावतील. गेल्या वर्षीचेच टाकतो. पळ, पुढच्याला पाठव."

भिंत उठला नाही. एकच वाक्य बोलायचं होतं: मला खरंच आठवत नाहीये. ते अगदी जिभेवर आलं होतं. उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती. तिथे दोन माणसं नव्या हंगामाचं पोस्टर चिकटवत होती आणि पोस्टरवर मधोमध त्याचाच चेहरा होता. "कॅप्टन, आटपा की! का आत मुक्काम ठोकलात?" गोलकीपर ओरडला आणि सगळे खो खो हसले.

भिंतही हसला. "पकडलंत, डॉक्टर," तो म्हणाला. आणि खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी त्याला हायसं वाटलं.

बायको गाडीला टेकून उभी होती. नखं खाऊन खाऊन बोटांची वाट लावली होती तिने.

"खरी खरी दिलीस उत्तरं?"

"एकूण एक."

"नाटक नाही ना केलंस?"

"नाही. पोरीची शपथ."

"मग? काय म्हणाले?"

"पास."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडली. मग त्याच्या दंडावर एक चापट मारली. "मेल्या, किती जीव खाल्लास माझा! मी काय काय मनात आणलं होतं..." नाक पुसत तिने पर्समधून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "घे. आज तूच चालव. पोरीची शाळा सुटेल आता."

तो तळहाताकडे बघत राहिला. "चावी," तो म्हणाला.

"हो, चावीच. मग काय?"

"काही नाही."

गाडी मैदानाच्या फाटकापाशी आली आणि थांबली. या फाटकातून तो वर्षानुवर्षं रोज घरी गेला होता. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं. मागे संघाची बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवायला लागली.

बायको मान मागे टाकून डोळे मिटून बसली होती. तिने डोळे उघडले, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

"पुरे झालं हं नाटक," ती म्हणाली. "चल, पोरगी वाट बघत असेल."