थांबायची जागा

पडदा उघडायच्या आधी भिंगरी विंगेतून धावत आली आणि तिने आजीच्या तोंडात लिंबाची गोळी कोंबली. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि चावायची तर मुळीच नाही, अशी अट घालून ती कागदाच्या मिशा सावरत आली तशी पळाली.

आजीने शहाण्यासारखी मान डोलावली. शेजारी बसलेल्या सुनेचा मात्र त्या मान डोलावण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. आजीचा सारा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेला होता. विंगेच्या अंधारात संहिता घेऊन बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात पोचवायचा, हे तिचं काम. कंपनी सुटली, पण खोड सुटली नाही. फोनवर समोरचा नुसता श्वास घ्यायला थांबला, तरी त्याचं वाक्य आजी पुरं करून टाकायची. डॉक्टर जरा विचारात पडले, की त्यांना आजार सुचवायची.

आणि आज शाळेच्या नाटकात भिंगरी द्वारपाल होती. तिला वाक्य एकच, पण तेही हातचं जायची वेळ आली होती. भिंगरी घरातली सगळ्यात धाकटी. आपलं बोलणं कोणीतरी मध्येच तोडणार या धास्तीने ती जे असेल ते एका दमात ओकून मोकळी व्हायची. तालमीत तिचं वाक्य सुरू कधी झालं आणि संपलं कधी हे राजालाच कळेना, तेव्हा बाईंनी ते दुसऱ्या मुलाला द्यायचं जवळजवळ ठरवलं. त्या दिवशी आजीने रडणाऱ्या नातीला मांडीवर घेतलं.

"घाईने बोललेलं कोणी ऐकत नाही बघ. नाटकात नाही आणि घरातही नाही. आधी थांबायचं. सगळे आपल्याकडे बघायला लागले, की मग सावकाश बोलायचं."

पडदा उघडला. राजाचं राज्य गेलं होतं, पण त्याला ते अजून पटलं नव्हतं. पुठ्ठ्याचा मुकुट सारखा करत त्याने दाराशी भाला धरून उभ्या असलेल्या द्वारपालाला विचारलं, "मला निरोप द्यायला बाहेर किती लोक जमलेत?"

भिंगरी गप्प.

आजीने गोळी या गालातून त्या गालात ढकलली. राजा भिंगरीकडे बघत राहिला. भिंगरी हलेना की बोलेना. जी पोर झोपेतसुद्धा बडबडते ती अशी उभी, म्हणजे विसरली. नक्कीच विसरली. सुनेने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यात मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि मग मात्र आजीला राहवलं नाही.

"महाराज, बाहेर कोणीच..."

विंगेत बसून नटापुरतं कुजबुजणारा तो आवाज आज पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. त्याच्यासोबत गोळीही निघाली आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थाच्या कॉलरला जाऊन चिकटली.

सगळं सभागृह हसायला लागलं. भिंगरीने भाला भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवले.

"आजी, मला आठवतंय. मी थांबले होते."

आजीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर तिने राजांना, प्रधानांना, नायिकांना शब्द पुरवले. ते सगळे तिचे शब्द घेऊन टाळ्या मिळवून गेले. पण तिचं स्वतःचं म्हणणं कोणी मनापासून ऐकलं असेल, तर ते या एवढ्याशा मिशीवाल्या पोरीने. आणि त्यावरच आजीने भर सभेत पाणी फिरवलं होतं.

भिंगरी मात्र हसू ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग भाला उचलून ती राजाला म्हणाली, "महाराज, परत विचारा."

महाराजांनी निमूटपणे परत विचारलं.

भिंगरी पुन्हा थांबली. या वेळी कोणी हसलं नाही. मागे खोकणारा खोकायचा राहिला. गृहस्थाचा हात कॉलरकडे निघाला होता, तोही वाटेतच थबकला. आजीने रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. वाक्य अगदी दातांशी येऊन उभं होतं.

"महाराज," भिंगरी म्हणाली, "बाहेर कोणीच नाही."

राजा खरोखरच रडवेला झाला. आणि सभागृहात सगळं चिडीचूप. टाळी नाही, हसू नाही, कोणी खुर्चीसुद्धा करकरवली नाही. आता भिंगरी घाबरली. बोलायच्या आधी थांबायचं, एवढं आजीने शिकवलं होतं. बोलून झाल्यावर लोकच असे गप्प बसले तर काय करायचं, ते सांगायचं राहूनच गेलं होतं. तिची मिशी एका बाजूने सुटून लोंबायला लागली. तिने आजीकडे बघितलं.

आजीने तोंडातला रुमाल काढला. सुनेने डोळे मिटून घेतले.

आजीने नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. "थांब."

भिंगरी थांबली.

पहिली टाळी पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थाने वाजवली. गोळी अजून त्याच्या कॉलरलाच होती.